सतरा मिनिटांत गेलेले राज्य

‘काका, मला वाचवा!’ ही हाक मराठी मनाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे ज्या काकांच्या अंगाला बिलगले, त्याच काकांच्या नावाने निघालेला हुकूम घेऊन गारदी वाड्यात शिरले होते. सत्तेचा प्रश्न आला की रक्ताचे नातेही किती निष्प्राण ठरते, याचा तो दाखला होता. अडीच शतके लोटल्यानंतर तशीच एक हाक बँकॉकमधून उठली. फरक इतकाच की ती हाक रक्ताच्या नव्हे, मानलेल्या काकांना घातली गेली होती. आणि ते काका शेजारच्या राष्ट्राचे सर्वेसर्वा होते.

१५ जून २०२५ रोजी थायलंडच्या तत्कालीन पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांनी कंबोडियाच्या सिनेटचे अध्यक्ष हुन सेन यांच्याशी दूरध्वनीवर संभाषण केले. दोन्ही देशांच्या सीमेवर त्या वेळी तणाव होता. २८ मे रोजी झालेल्या चकमकीत एक कंबोडियन सैनिक ठार झाला होता. सीमानाक्यांच्या वेळांवर निर्बंध आले होते आणि ते प्रथम कोणी उठवायचे, यावर दोन्ही राजधान्या अडून बसल्या होत्या. अशा घटकेला एका राष्ट्राच्या पंतप्रधानांनी दुसऱ्या राष्ट्राच्या नेत्याला ‘अंकल’, म्हणजे काका, असे संबोधले. पुतणीची अडचण समजून घ्यावी, अशी गळ घातली. जे हवे असेल ते सांगावे, त्याची तजवीज केली जाईल, अशा आशयाचे आश्वासन दिले. एवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. ईशान्य सीमेची जबाबदारी वाहणाऱ्या, स्वतःच्याच लष्कराच्या दुसऱ्या विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बूनसिन पाडक्लांग हे विरुद्ध गोटातले आहेत, रुबाब दाखविण्यासाठी बोलतात, त्यांचे मनावर घेऊ नये, असेही त्या सांगून बसल्या. काका शांतपणे ऐकत होते. काकांचे यंत्रही ऐकत होते.

तीन दिवसांनी, १८ जूनला, त्या संभाषणाचा काही भाग बाहेर फुटला. पाठोपाठ हुन सेन यांनी सुमारे सतरा मिनिटांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण स्वतःच्या फेसबुक पानावरून जगासमोर ठेवले. आपल्या सुमारे ८० सहकाऱ्यांना ते आधीच ऐकविले होते, हे सांगण्यातही त्यांना संकोच वाटला नाही. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. येथे मात्र एकही अक्षर बदलण्याची गरज पडली नाही. जे बोलले गेले, तेच जसेच्या तसे ऐकविले गेले आणि तेवढ्याने एका सरकारचा पाया खचला.

दोन घराणी, एक सीमा

हे संभाषण म्हणजे एका अननुभवी, अडतीस वर्षांच्या पंतप्रधानांचा क्षणिक प्रमाद होता, असे मानून विषय मिटविता येईल काय? वस्तुतः त्या सतरा मिनिटांमागे दोन घराण्यांच्या जवळजवळ दोन तपांच्या व्यवहाराचा इतिहास उभा आहे.

पेतोंगतार्न यांचे वडील थाकसिन शिनावात्रा २००१ मध्ये पंतप्रधान झाले. १९ सप्टेंबर २००६ च्या लष्करी उठावाने त्यांची सत्ता गेली आणि पुढे त्यांनी परागंदा होणे पत्करले. नोव्हेंबर २००९ मध्ये याच हुन सेन यांनी थाकसिन यांना कंबोडियाचे आर्थिक सल्लागार नेमले. थायलंडच्या न्यायालयाने शिक्षा सुनावलेल्या माणसाला शेजारच्या राष्ट्राने आपल्या सरकारचा सल्लागार करावे, याहून उघड डिवचणे ते कोणते? बँकॉक आणि नॉम पेन्ह यांनी तेव्हा आपापले राजदूत माघारी बोलावले. राष्ट्राच्या जिव्हारी लागलेली ही गोष्ट घराण्याच्या दृष्टीने मात्र ऋणानुबंधाची होती. पुढे थाकसिन मायदेशी परतले, शिक्षेतून पॅरोलवर सुटले; तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या बँकॉकमधील निवासस्थानी येऊन क्षेमकुशल विचारणाऱ्यांत हुन सेन आघाडीवर होते. अशा घरात वाढलेल्या कन्येला हुन सेन हे ‘काका’ वाटावेत, यात नवल नाही. नवल आहे ते पंतप्रधानपदाची शपथ घेतल्यानंतरही ते काकाच वाटावेत, याचे.

आता दुसऱ्या बाजूला पाहावे. हुन सेन हे ख्मेर रूजच्या फौजेतून आलेले, युद्धात एक डोळा गमावलेले, १९८५ पासून २०२३ पर्यंत कंबोडियाची सूत्रे हाती ठेवलेले मुरब्बी राजकारणी. २०२३ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद पुत्र हुन मानेत यांच्या हाती दिले. पण दोरी आपल्याच हाती राखली. लोकशाहीचे नाव घेण्याचा त्यांना फारसा अधिकार नाही. विरोधक चिरडून राज्य करणाऱ्या या माणसाचे गुणगान करण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही. घराणेशाही दोन्हीकडे होती. परंतु एका घराण्याने मैत्रीचा उपयोग सीमेच्या प्रश्नासाठी केला आणि दुसऱ्याने सीमेचा प्रश्न मैत्रीच्या भरवशावर सोडला.

त्या दिवसाची तारीखच पुरेशी बोलकी आहे. १५ जूनला नॉम पेन्हमध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त सीमा आयोगाची बैठक चालू होती. त्याच दिवशी कंबोडियाने ता मुएन थॉमसह सीमेवरील चार वादग्रस्त स्थळांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेण्यासाठी औपचारिक पत्र पाठविल्याचे जाहीर केले. एका हाताने न्यायालयाचे दार ठोठवायचे, दुसऱ्या हाताने आयोगाच्या मेजावर कागद सरकवायचे आणि त्याच वेळी कानाला दूरध्वनी लावून पुतणीचे मनोगत टिपून घ्यायचे, असा हा त्रिविध उद्योग होता. नॉम पेन्हमध्ये त्या दिवशी राज्य चालले होते. बँकॉकमध्ये नाते सांभाळले जात होते.

मौनाने गेलेले मंदिर

थायलंडच्या पंतप्रधानांना १५ जून या तारखेचे स्मरण असते, तर कदाचित जीभ आवरली असती. बरोबर ६३ वर्षांपूर्वी, १५ जून १९६२ रोजी, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रेह विहिआर मंदिर कंबोडियाच्या पदरात टाकले होते.

दांगरेक पर्वताच्या कड्यावर, खालच्या कंबोडियन मैदानाकडे पाहत उभे असलेले हे मंदिर शिवाचे आहे. शिखरेश्वर या नावाने तेथे भगवान शंकराची उपासना होत असे. नवव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत, पहिल्या आणि दुसऱ्या सूर्यवर्म्यासारख्या ख्मेर सम्राटांच्या कारकिर्दीत ते घडत गेले. १९०४ च्या करारानुसार सयाम आणि फ्रेंच इंडोचायना यांच्यातील सीमा पर्वताच्या जलविभाजक रेषेने जायची होती. परंतु फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या आणि पॅरिसमध्ये छापलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखविले गेले. सयामी दरबाराने काय केले? नकाशे स्वीकारले. तत्कालीन गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी त्याबद्दल आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांसाठी आणखी १५ प्रती मागवून घेतल्या. पुढे १९३० मध्ये हेच राजपुत्र मंदिराच्या भेटीला गेले, तेव्हा तेथे फ्रेंच ध्वज फडकत होता आणि फ्रेंच अधिकारी यजमान म्हणून त्यांच्या स्वागताला उभा होता. राजपुत्रांनी हरकत घेतली नाही.

हेगच्या न्यायाधीशांनी नऊविरुद्ध तीन अशा मतांनी जो निर्णय दिला, त्यात या दोन्ही प्रसंगांना मोठे वजन मिळाले. जेथे बोलायला हवे होते तेथे सयाम बोलला नाही. म्हणून त्याने ती सीमा मान्य केली, असा तो अर्थ. जलविभाजक रेषा प्रत्यक्षात कोठून जाते, हा प्रश्नच मग गौण ठरला. शिष्टाचाराची एक भेट आणि आभाराचे चार शब्द यांपायी एका राष्ट्राने ज्याला आपले मानले ते देवालय गेले. त्याची ठसठस थायी मनात आजही आहे. २००८ मध्ये युनेस्कोने त्या मंदिराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा ती पुन्हा उफाळून आली आणि २०११ पर्यंत तेथे अधूनमधून तोफा धडाडत राहिल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने आपल्या जुन्या निर्णयाचा अर्थ पुन्हा स्पष्ट केला, तोही थायलंडच्या मनाला रुचला नाही.

ज्या राष्ट्राने मौनाची इतकी जबर किंमत मोजली, त्याच्या पंतप्रधानांनी सीमावादातील प्रतिपक्षाला ‘हवे ते सांगा’ म्हणावे? परराष्ट्रव्यवहारात मौनही पुराव्यात धरले जाते, मग बोलण्याचे काय! घरात काकांना दिलेला शब्द काकांपाशी राहतो. पंतप्रधानांनी शेजारच्या सत्ताधीशाला दिलेला शब्द कधी न्यायालयात, कधी नकाशावर, तर कधी सैनिकाच्या रक्तात उमटतो.

पडझडीचे तीन महिने

ध्वनिमुद्रण उघड होताच भूमजयथाई पक्ष आपले ६९ खासदार घेऊन आघाडीतून बाहेर पडला. गृहखात्यावरून त्या पक्षाचे आणि पंतप्रधानांच्या फू थाई पक्षाचे आधीच बिनसले होते, हे खरे. पण बाहेर पडण्यासाठी याहून सन्मान्य कारण त्याला शोधून सापडले नसते. सरकारचे बहुमत काठावर आले. १९ जूनला पंतप्रधानांनी सेनाधिकाऱ्यांना शेजारी उभे करून देशाची क्षमा मागितली. ती वाटाघाटींची एक पद्धत होती, असा खुलासाही केला. पाठोपाठ त्या ईशान्येकडे जाऊन सेनापती बूनसिन यांना भेटल्या. ज्यांचे मनावर घेऊ नका म्हणून शेजाऱ्याला सांगितले, त्यांच्याच भेटीला जाण्याची वेळ आली. तोवर ते सेनापती सामान्य थायी माणसाच्या गळ्यातील ताईत झाले होते.

२८ जूनला बँकॉकच्या विजय स्मारकापाशी हजारो नागरिक राष्ट्रध्वज घेऊन जमले. १ जुलैला घटनात्मक न्यायालयाने ३६ सिनेटरांची याचिका दाखल करून घेतली आणि सातविरुद्ध दोन मतांनी पंतप्रधानांना कामकाजातून दूर केले. त्या काळात त्या मंत्रिमंडळात राहिल्या, त्या सांस्कृतिक खात्याच्या मंत्री म्हणून. २९ ऑगस्टला न्यायालयाने सहाविरुद्ध तीन मतांनी त्यांना पदावरून कायमचे दूर केले. पदाला आवश्यक असलेल्या नीतिमत्तेचा गंभीर भंग झाला आणि राष्ट्रहितापेक्षा व्यक्तिगत संबंधांना अधिक महत्त्व दिले गेले, असा ठपका त्यांच्यावर आला. ५ सप्टेंबरला भूमजयथाईचे अनुतिन चार्नविराकुल पंतप्रधानपदी निवडले गेले. चार दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने थाकसिन यांना एक वर्षाच्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठविले. शिक्षेचा काळ कोठडीऐवजी रुग्णालयात काढण्याची जी सवलत त्यांनी भोगली होती, ती न्यायालयाने मानली नाही. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, याचा प्रत्यय शिनावात्रा घराण्याला तीन महिन्यांच्या आत आला.

समर्थनाचे तीन मुद्दे

पेतोंगतार्न यांच्या बाजूने तीन गोष्टी हिरिरीने मांडल्या जातात. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही.

पहिला मुद्दा असा की, त्यांचा हेतू शांततेचा होता. रक्तपात टळावा म्हणून एका स्त्रीने थोडा नमता सूर लावला, तर त्यात गुन्हा कोणता? शांततेचा हेतू वंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु शांतता टिकते ती समोरच्याला आपल्या एकजुटीविषयी खात्री असते तेव्हा. सरकार एकीकडे आणि सेना दुसरीकडे आहे, हे शेजाऱ्याला घरातूनच कळले, तर तो तडजोड करील की भेगेत पाचर ठोकील? त्या दूरध्वनीने युद्ध टळले नाही, हे तर उघडच आहे. सहा आठवड्यांच्या आतच ते पेटले.

दुसरा मुद्दा हुन सेन यांच्या विश्वासघाताचा. खाजगी संभाषण चोरून मुद्रित करायचे आणि चव्हाट्यावर मांडायचे, हे सभ्यतेला धरून नव्हे. मान्य! जगातील कोणताही नेता यापुढे हुन सेन यांच्याशी दूरध्वनीवर बोलताना दोनदा विचार करील आणि त्याची किंमत कंबोडियाला चुकवावी लागेल. पण शेजारी सज्जन निघेल, या गृहीतावर राष्ट्राचे संरक्षण बेतता येत नाही. शेजारी राज्याला कौटिल्याने स्वभावतः ‘अरी’ मानले, ते द्वेषापोटी मानले नाही. ज्यांची सीमा एकमेकांना भिडते, त्यांचे हितही एकमेकांना भिडते, एवढाच व्यवहार त्यामागे आहे. चोर दुष्ट असतो, हे खरे. म्हणून दाराला कडी न लावणाऱ्याला शहाणे म्हणत नाहीत.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. थायलंडचे घटनात्मक न्यायालय म्हणजे रामशास्त्री प्रभुणे नव्हे, असे टीकाकार म्हणतात. हे म्हणणे खोडून काढता येणार नाही आणि खोडण्याचा आग्रहही धरू नये. याच न्यायालयाने २००८ मध्ये पंतप्रधान समक सुंदरवेज यांना दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमासाठी मानधन घेतल्यावरून घरी पाठविले होते. त्याच वर्षी थाकसिन यांचे मेहुणे सोमचाय, २०१४ मध्ये भगिनी यिंगलक आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्रेत्था थाविसिन यांची पदे याच न्यायालयाच्या निकालांनी गेली. २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकणारा मूव्ह फॉरवर्ड पक्षही पुढच्याच वर्षी विसर्जित केला गेला. जनतेने निवडावे आणि न्यायपीठाने वा रणगाड्याने उलथावे, हा खेळ ज्या देशात वारंवार होतो, तेथे लोकशाहीचे मूळ धरणे कठीण आहे. विजय स्मारकापाशी झालेल्या सभेत लष्कराच्या हस्तक्षेपाला मूक संमती देणारे जे सूर उमटले, त्यांचेही समर्थन होऊ शकत नाही.

तथापि न्यायाधीशांचा पक्षपात सिद्ध झाला, म्हणून पंतप्रधान निर्दोष ठरत नाहीत. विरोधक टपून बसले आहेत, सेना आणि न्यायपीठ सवलत देणार नाही, हे ज्या घराण्याने वीस वर्षे भोगले, त्याच घराण्याच्या कन्येने शस्त्र त्यांच्या हाती आयते द्यावे? शिवाय अखेरचा निकाल न्यायपीठाने दिलेला नाही. ८ फेब्रुवारी २०२६ ला थायी जनतेने मतदान केले, तेव्हा एके काळी निवडणुकीमागून निवडणूक जिंकणारा शिनावात्रांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर घसरला आणि भूमजयथाई अग्रभागी आला. त्या कौलाला अनेक कारणे आहेत. पण सतरा मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण मतदार विसरला नव्हता, हेही त्यात आहेच.

किंमत कोणी मोजली?

राजधानीतील या उलथापालथीत एक प्रश्न मात्र मागे पडतो. या साऱ्याची किंमत कोणी मोजली?

शिनावात्रा घराण्याने सत्ता गमावली; पण सीमेवरच्या शेतकऱ्याने घर गमावले. २४ जुलै २०२५ रोजी सकाळी सीमेवर तोफा सुरू झाल्या. कंबोडियाच्या अग्निबाणांनी थायलंडच्या सिसाकेत आणि सुरीन प्रांतांत नागरी वस्ती होरपळली. पेट्रोलपंपालगतचे दुकान आणि रुग्णालयही त्यातून सुटले नाही. थायलंडने एफ-१६ विमाने धाडली. पाच दिवसांत दोन्ही बाजूंची किमान चाळीस माणसे मेली आणि ३ लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. २८ जुलैला मलेशियातील पुत्राजाया येथे शस्त्रसंधी झाली. २६ ऑक्टोबरला क्वालालंपूर येथे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत समारंभपूर्वक स्वाक्षऱ्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये भूसुरुंगाने थायी सैनिक जायबंदी झाले आणि तो समझोता थिजला. डिसेंबरमध्ये पुन्हा रण पेटले. या वेळी ५ लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. २७ डिसेंबरला नव्याने शस्त्रसंधी झाली. या साऱ्या काळात सीमेचे नाके बंद होते, व्यापार ठप्प होता आणि थायलंडमध्ये मोलमजुरी करणारे लाखो कंबोडियन कामगार डोक्यावर बोचके घेऊन मायदेशी परतले होते.

येथे बँकॉकच्या रस्त्यांवर ध्वज फडकविणाऱ्यांनाही आरसा दाखविला पाहिजे. पंतप्रधानांविषयीचा त्यांचा संताप सात्त्विक होता. परंतु पंतप्रधान गेल्या, नवे सरकार आले, तरी सीमेवरच्या गावाचे सुख परत आले नाही. राष्ट्रीय क्षोभ सरकार पाडू शकतो. सीमा आखू शकत नाही. सीमा आखण्यासाठी नकाशे, दस्तऐवज, चिवट वाटाघाटी आणि सज्ज सेना लागते. क्षोभाला विवेकाची जोड नसली की तो कोठवर जातो, याचे एक दृश्य भारतीयांनाही क्लेशदायक वाटले. डिसेंबर २०२५ मध्ये वादग्रस्त भागात कंबोडियाने उभारलेली भगवान विष्णूंची मूर्ती थायी सैन्याने यंत्राने पाडली. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर खेद व्यक्त केला. ज्या देशाच्या राजाला ‘राम’ ही उपाधी लागते, ज्याच्या जुन्या राजधानीचे अयुथ्या हे नाव अयोध्येवरून आले, जेथे ‘रामकियेन’ घरोघरी ठाऊक आहे, त्या देशाच्या सैनिकांनी विष्णुमूर्तीवर यंत्र चालवावे, हा दैवदुर्विलास होय. ती नोंदणीकृत पूजास्थान नव्हती, असे स्पष्टीकरण दिले गेले. श्रद्धेची नोंदणी कार्यालयात होत नसते! शिवमंदिरावरून दोन बौद्ध राष्ट्रांनी शंभर वर्षे भांडावे आणि अखेर विष्णुमूर्ती भंगावी, यात कोणाचाही विजय नाही.

शुक-सारिकांचा नवा अवतार

राजाच्या मसलतीची जागा अशी असावी की पाखरालाही ती दिसू नये, असे कौटिल्याने बजावले आहे. पोपट आणि साळुंक्या यांनीही मसलती फोडल्याच्या कथा त्याने ऐकल्या होत्या. आजच्या राज्यकर्त्याच्या हातातील भ्रमणध्वनी हा त्या शुक-सारिकांचा नवा अवतार आहे. भिंतीला कान असतात, ही म्हण जुनी झाली. आता हाताला कान असतात.

भारताने हे शस्त्र उलट्या बाजूने वापरून दाखविले आहे. कारगिल युद्धाच्या वेळी, मे १९९९ मध्ये, जनरल परवेझ मुशर्रफ बीजिंगहून आणि लेफ्टनंट जनरल महंमद अझीझ रावळपिंडीतून दूरध्वनीवर जे बोलले, ते भारतीय यंत्रणांनी टिपले. ११ जूनला, पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येण्याच्या आदल्या दिवशी, ते संभाषण जगासमोर ठेवले गेले. घुसखोर म्हणजे स्वतंत्रपणे लढणारे मुजाहिदीन, ही पाकिस्तानची बतावणी त्या ध्वनिफितींनी उघडी पाडली. सेनाप्रमुखाने परदेशातील हॉटेलातून साध्या दूरध्वनीवर युद्धाची चर्चा करावी, या बेसावधपणाला तेव्हा भारतीय हसले होते. हसताना एक गोष्ट विसरू नये. बेसावधपणा ही कोणा एका देशाची मक्तेदारी नाही.

म्हणूनच थायलंडचे प्रकरण दूरच्या देशातील करमणूक म्हणून वाचून सोडून देण्यासारखे नाही. परराष्ट्रव्यवहार संस्थांमार्फत व्हावा. पंतप्रधानांच्या संभाषणापूर्वी टिपणे असावीत, संभाषणाच्या वेळी अधिकारी हजर असावा, नंतर त्याची नोंद व्हावी, हे सारे कारकुनी सोपस्कार वाटतात. परंतु हे सोपस्कारच व्यक्तीला तिच्या मोहापासून आणि राष्ट्राला व्यक्तीच्या चुकीपासून वाचवितात. नेत्यांच्या गळाभेटी, घरगुती भोजने, मुलाबाळांच्या विवाहातील हजेरी यांचे कौतुक जगातील सर्वच प्रसारमाध्यमे करतात. स्नेहाने दारे उघडतात, हे खरेच. पण उघड्या दारातून काय आत यावे आणि काय बाहेर जावे, हे स्नेहाने ठरत नाही. मग सत्तेवर कोणताही पक्ष असो, नेता कितीही लोकप्रिय असो.

घराणेशाहीचा खरा दोष अपात्र वारस सत्तेवर येतो, एवढाच नाही. तिचा खोल दोष असा की, राज्य आणि घर यांतील उंबरठाच पुसला जातो. वडिलांचा मित्र तो राष्ट्राचा मित्र, वडिलांचा शत्रू तो राष्ट्राचा शत्रू, असे समीकरण नकळत तयार होते. पेतोंगतार्न यांना स्वतःच्या देशाचे सेनापती ‘विरुद्ध गोटातले’ वाटले आणि परक्या देशाचे सत्ताधीश ‘काका’ वाटले. कारण त्यांच्या घराचा इतिहास असाच होता. सेनेने वडिलांना आणि न्यायालयाने आत्याला पदावरून काढले होते. हुन सेन यांनी आश्रय दिला होता. कन्या म्हणून ही भावना स्वाभाविक होती. पण पंतप्रधानाच्या आसनावर कन्येने बसायचे नसते.

‘काका, मला वाचवा’ म्हणणाऱ्या नारायणरावांविषयी मराठी माणसाला आजही कणव वाटते. सतरा-अठरा वर्षांच्या त्या पोराला दुसरा आधारच उरला नव्हता. बँकॉकच्या पुतणीपाशी मात्र आधार होता. संसद होती, मंत्रालय होते, राजदूत होते, आणि सीमेवर पहारा देणारे ते सेनापतीही होते. त्या साऱ्यांना ओलांडून तिने सीमेपलीकडे हाक घातली. काकांनी ती नीट ऐकली, जपून ठेवली आणि वेळ येताच जगाला ऐकविली.